स्प्रिंगची एअर रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली की ग्रुप का फुटतो?

प्रश्न

४.५ मिमीची ब्रेक-बॅरल (बॅरल मोडून खाली वळवली की स्प्रिंग ताणली जाते अशी) स्प्रिंग रायफल आहे, स्कोप धरून वजन ३.५ किलो. खुर्चीत बसून, नुसती हातात धरून १० मीटरवर ५ पेलेटचा (छर्ऱ्यांचा) ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पुंजका, २ सेंमीच्या आत येतो. तीच रायफल टेबलावर घट्ट भरलेल्या वाळूच्या पिशवीवर ठेवली की ग्रुप ४-५ सेंमीचा होतो, शिवाय सगळाच वर सरकतो. पेलेट तेच, स्कोपला हात लावलेला नाही. झीरो करायला (स्कोपचा नेम पेलेट लागतो तिथे जुळवायला) आधार तर हवाच. मग तो द्यायचा कसा? आणि बायपॉडने (रायफलला पुढे लावायच्या दोन पायांनी) काही फरक पडेल का?

प्रतिसाद १

रायफल ठीक दिसते, आधार कडक आहे.

ट्रिगर सुटल्यावर आधी पिस्टन पुढे धावतो आणि रायफल मागे सरकते. पिस्टनचा प्रवास संपत आला की दाबलेल्या हवेवर तो अडतो आणि रायफलला पुढे हिसका बसतो. पेलेट जागचा हलतो तो पिस्टनचा प्रवास संपता संपता. म्हणजे पेलेट बॅरलमध्ये असतानाच रायफल बरीच हललेली असते. पिस्टन आणि स्प्रिंगचा हलणारा भाग मिळून ३०० ग्रॅम, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ९० मिमी आणि रायफल ३.५ किलो धरा. मोकळी सोडलेली रायफल ७-८ मिमी मागे जाते. ही हालचाल थांबवता येत नाही. ती दर वेळी सारखी व्हावी, एवढंच आपल्या हातात आहे.

घट्ट भरलेली पिशवी दगडासारखी वागते. फोरएंड (बॅरलखालचा, पुढच्या हाताने धरायचा भाग) तिच्यावरून उसळतो, म्हणून पेलेट वर लागतात. हातावर तसं होत नाही, कारण तळव्याचं मांस दबतं आणि रायफलसोबत थोडं सरकतंही.

म्हणून पिशवी रायफलखाली नको, हाताखाली ठेवा. मनगटाची मागची बाजू पिशवीवर टेकवा, तळवा उघडा आणि त्यावर रायफल नुसती ठेवा. बोटं फोरएंडला आवळायची नाहीत. मागच्या हाताची पकडही हलकी. बट (रायफलचं खांद्याकडचं टोक) खांद्याला जेमतेम लागेल इतकंच, खांद्यात ओढून धरायचं नाही. गालाचा भारही दर वेळी तितकाच.

बायपॉडवर खर्च करू नका. पाय टेबलावरून उडी मारतात, आणि फोरएंडच्या टोकाला लोंबणाऱ्या वजनाने तोलही बदलतो.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, पण तळवा नेमका कुठे हेही तितकंच महत्त्वाचं. ट्रिगर गार्डच्या अगदी पुढे तोलबिंदूजवळ सुरू करा आणि ५ पेलेट मारा. मग हात ३ सेंमी पुढे, पुन्हा ५. असं फोरएंडच्या टोकापर्यंत जा, प्रत्येक जागेला वेगळा कागद. एखाद्या जागी ग्रुप स्पष्टपणे आवळलेला दिसेल. तिथे फोरएंडच्या खालच्या बाजूला कापडी चिकटपट्टीचा तुकडा लावा, म्हणजे न बघता बोटाला जागा कळते. पुढे हात २ सेंमी जरी सरकला तरी ग्रुप वर-खाली जाऊ शकतो. लोक तेव्हा स्कोपचे स्क्रू फिरवत बसतात.

आणखी एक तपासणी आहे, ती फार जण करत नाहीत. नेम धरा, डोळे मिटा, एक श्वास सोडून अंग सैल करा, डोळे उघडा. क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकला असेल तर तुम्ही स्नायूंनी रायफल ढकलून धरली होती. ट्रिगर सुटताच तो दाब मोकळा होतो आणि रायफल तिकडे पळते. हाताने ओढून नेम जुळवू नका, पिशवी आणि खुर्ची सरकवा.

प्रतिसाद ३

बटखाली मागची पिशवी वापरत असाल तर ती आधी काढा. बटची खालची कड मागे उतरती असते. रायफल मागे सरकली की पिशवीवर कडेचा पुढचा, उंचावरचा भाग येतो, बट खाली बसते आणि बॅरलचं तोंड उचललं जातं. पेलेट वर लागण्याचं हेही कारण असू शकतं.

थेट पिशवीवरच टेकवायची असेल तर ती अर्धी किंवा फार तर दोन तृतीयांश भरलेली हवी, मधोमध मुठीने खड्डा केलेला. वरचं कापड गुळगुळीत हवं. रबर किंवा खरखरीत चामडं स्टॉक (रायफलचा लाकडी दांडा) धरून ठेवतं. बॅरल मात्र कशालाही टेकता कामा नये. जड, अंडरलिव्हर (खालच्या दांड्याने स्प्रिंग ताणायच्या), फिक्स्ड-बॅरल (बॅरल न वळणाऱ्या) रायफली असा आधार बऱ्यापैकी चालवून घेतात. हलक्या ब्रेक-बॅरलसाठी हात हाच आधार चांगला.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे. मागची पिशवी होतीच. दोष धरण्यात आहे की रायफलमध्ये, हे वेगळं कसं ओळखायचं?

प्रतिसाद १

धरण्याचा दोष जागा बदलली की बदलतो. ढिल्या भागाचा दोष कसंही धरलं तरी राहतो, आणि बऱ्याचदा पेलेट दोन वेगळ्या पुंजक्यांत पडतात.

रायफल कॉक केलेली (स्प्रिंग ताणलेली) नाही आणि बॅरल रिकामी आहे याची खात्री करून आधी फोरएंडच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू आणि ट्रिगर गार्डचा स्क्रू बघा. स्प्रिंगच्या दुहेरी धक्क्याने ते सैल होतातच. काढून तेल पुसा, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावा आणि स्टॉकचं लाकूड चेपणार नाही इतकेच आवळा. मग स्कोप माउंटच्या (स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या पकडीच्या) पुढच्या कडेला लागून पेन्सिलीने रेघ ओढा. २० पेलेटनंतर रेघ आणि माउंट यांत फट दिसली तर माउंट सरकतो आहे, त्याला स्टॉप पिन (मागे सरकण्यापासून अडवणारी खीळ) हवी. स्कोपही एअर रायफलसाठी बनवलेला हवा. पुढे येणारा हिसका साध्या स्कोपची आतली जोडणी सैल करतो, आणि ज्याचं पॅरलॅक्स (डोळा हलला तरी नेम हलू नये यासाठीची जुळणी) लांबच्या अंतरावर पक्कं केलेलं असतं, त्यात १० मीटरवर डोळा जरा हलला तरी नेम हलतो.

प्रतिसाद ४

उघड्यावर नेमबाजीच्या काठ्या वापरत असाल तर नियम तोच: पुढच्या हाताने काठ्यांचा तिठा पकडा आणि रायफल अंगठ्याच्या बेचक्यात ठेवा, लाकडावर नको.

टेबलावर लोड करताना रायफल पिशवीवरून उचलून घ्या. ब्रेक-बॅरलमध्ये पेलेट बसेपर्यंत एका हाताने बॅरल धरून ठेवा. कॉकिंगचा सिअर (ताणलेला पिस्टन अडवून धरणारी खीळ) निसटला तर बॅरल झपकन बंद होते आणि मध्ये बोट असेल तर तुटतं.

कडक आधारावर बिनधास्त टेकवता येणाऱ्या स्प्रिंग रायफलीही आहेत. डायना ५४ आणि फाइनवर्कबाउ ३००एसमध्ये बॅरलसकट सगळी यंत्रणा स्टॉकमधल्या रुळांवर मागे सरकते, स्टॉक जवळपास जागीच राहतो.