अनुभव धागा: निर्वासितांवरचे कार्यक्रम, आपल्या खान्देशातले

धागा मीच काढतोय, तेव्हा आधी माझी फजिती सांगतो.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवतो. २० जून हा जागतिक निर्वासित दिन, २००१ पासून पाळला जातो. मागे एकदा आपणही करू या म्हणून हौसेनं बॅनर छापलं, माइकवाला सांगितला, पन्नास खुर्च्या मांडल्या. तारीख कोणत्या दिवसांत येते याचा विचारच केला नाही. शेतात कपाशीची लागवड, घरात पोरांच्या अ‍ॅडमिशनची धावपळ. अकरा माणसं आली, चहावाला धरून. मी पाऊण तास सीरिया, सुदान, रोहिंग्या करत आकडे वाचले. २०२४ अखेर जगात १२ कोटींहून जास्त माणसं घरदार सोडून बाहेर पडलेली, वगैरे. संपल्यावर मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. "सर, सगळं खरं. पण मागच्या गल्लीतली कॉलनी कोणाची, ते नाही सांगितलं तुम्ही."

मागच्या गल्लीत सिंधी कॉलनी आहे. आमच्या घरचे पापड मी तिथूनच आणतो.

तर तुमच्या गावात असं काही झालं असेल, तुम्ही केलं असेल, नुसते जाऊन बसला असाल, तर लिहा. फसलेलं असेल तर आधी लिहा.

भुसावळकडची

सर, त्या कॉलनीतली नाही, पण तसल्याच एका कॉलनीतली मी. घरात सिंधी, बाहेर मराठी, भाजीवाल्याशी अहिराणी-लेवा मिसळून काहीतरी.

१४ ऑगस्ट हा २०२१ पासून फाळणी विभीषिका स्मृती दिन म्हणून पाळतात. त्या निमित्तानं स्टेशनवर फोटोंचं प्रदर्शन लागलं होतं. डाडीला (म्हणजे वडिलांच्या आईला) घेऊन गेले. ती एकेका फोटोपुढे चष्मा वर-खाली करत उभी. टपावर बसलेली माणसं, बैलगाड्या, लांबच लांब काफिले. सगळे संपले तशी मला म्हणाली, "हिन में जहाजु किथे आहे?" यात जहाज कुठाय?

फोटो बहुतेक पंजाबचे होते. पंजाबचे दोन तुकडे झाले, सिंध अख्खा तिकडे गेला. आमच्या लोकांना इकडे अर्धा सिंधही मिळाला नाही, की इथून पुढे आपला मुलूख म्हणता येईल. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि मग बोटी भरभरून मुंबईला लागल्या. डाडी अकरा-बारा वर्षांची होती. तिला बोटीवरचं आठवतं ते एवढंच, की पाणी प्यायला तांब्या नव्हता, एका बाईनं पितळी डब्याच्या झाकणातून पाजलं. पुढे कल्याणचा कॅम्प. महायुद्धातल्या सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी, आत गोणपाट टांगून एकेका कुटुंबाची खोली.

बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक मुलगा फार अदबीनं विचारायला आला, "आजी, तुम्ही निर्वासित का?" झालं! डाडी तिथून तडक बाहेर. आमच्या घरात तो शब्द शिवीसारखा आहे. डाडा म्हणायचे, आपण पुरुषार्थी. कोणाच्या दारात हात पसरला नाही, गोळ्या-बिस्किटांची हातगाडी ओढली. बरं, मुलाचं काय चुकलं? बॅनरवर तोच शब्द होता.

तळोद्याहून, शिक्षक

वरच्या ताईंच्या घरी तो शब्द नको आहे. आमच्याकडे उलटं.

सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्यातल्या बऱ्याच कुटुंबांना तळोदा तालुक्यात वसाहती दिल्या. मणिबेलीचे काही लोक थेट गुजरातेत परवेट्याला गेले. आम्ही शाळेत कार्यक्रम केला तेव्हा पाहुण्यांनी व्याख्या सांगितली: संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या निर्वासित करारानुसार देशाची हद्द ओलांडून, छळाच्या भीतीनं आलेला तो निर्वासित. देशातल्या देशात हललेला तो विस्थापित. मुद्दा बरोबर आहे, परीक्षेला येतो. एका बाबांनी शेजारच्याकडून भाषांतर करून घेतलं आणि विचारलं, "राज्याची हद्द ओलांडली त्याला काय म्हणता?" पाहुणे हसले. बाबा हसले नव्हते.

त्याच बाबांचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. डोंगरात भिलांची, पावरांची घरं एकमेकांपासून लांब असतात, ज्याचं घर त्याच्या टेकाडावर. वसाहतीत आखून दिलेले प्लॉट, ओळीनं. ते म्हणाले, "इथं शेजारी खोकला की मला जाग येते." जमीन, भरपाई, पाणी यांवर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि बोललंच पाहिजे. पण हे खोकल्याचं कुठल्या अर्जात लिहायचं?

अमळनेरजवळून, विद्यार्थी

आमचा प्रयोग छोटासा होता. छावणीत माणशी किमान साडेतीन चौरस मीटर निवारा आणि दिवसाला पंधरा लिटर पाणी, असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. आम्ही आठवडे बाजाराच्या ओट्यावर खडूनं पाच जणांच्या कुटुंबाची चौकट आखली, साडेसतरा चौरस मीटर, आणि बाजूला पाच जणांचं दिवसाचं पाणी म्हणून पंधरा-पंधरा लिटरचे पाच कॅन ठेवले. कल्पना अशी, की बघून लोकांना धक्का बसेल.

बाजाराला आलेल्या दोन बाया चौकटीत जाऊन बसल्या, इकडे-तिकडे बघितलं. एक म्हणाली, "पंधरा लिटर, आनि रोजना? मंग आम्हीनच राव्हाले येतस तठे!" उन्हाळा होता. त्यांच्या गावाला टँकर चालू होता. आमच्या प्रयोगाचा तिथंच निकाल लागला. पण गंमत म्हणजे त्यानंतर त्या दोघी अर्धा तास बसून होत्या आणि छावणीत बाया अंघोळीला कुठे जातात, रात्री संडासला एकट्या कशा जातात, हे विचारत होत्या. आमच्या पोस्टरवर यातलं एक अक्षर नव्हतं.

पोस्टातून रिटायर, चाळीसगाव

माझा अनुभव तिकिटाचा. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून साधारण एक कोटी माणसं आपल्याकडे आली. त्यांच्या खर्चासाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. पोस्टकार्ड आणि वर्तमानपत्रं तेवढी सोडलेली. सुरुवातीला वेगळं तिकीट छापून व्हायचं होतं म्हणून कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच 'शरणार्थी सहायता' असा छाप मारला. हम दो हमारे दो आणि वर शरणार्थी! मी तेव्हा शाळेत होतो. तिकीट नसलं की पत्र अडे, आणि बायका खिडकीवर भांडत, आम्ही कुठून द्यायचे पाच पैसे. भांडत आणि देत.

वाचनालयात पोरांना ही तिकिटं दाखवली तर पहिला प्रश्न आला, आता याची किंमत किती येईल. मी पाच पैसे म्हणालो.

धुळ्याहून

हिवाळ्यात स्वेटरचे तंबू लागतात ते तिबेटी लोक आपल्याला 'नेपाळी' वाटतात, यावर आम्हा मित्रांना काही करायचं होतं. एका मावशींना बोलायला बोलावलं. त्या म्हणाल्या, येते, पण दुकान बंद झाल्यावर, आणि आधी स्वेटर घ्या. घेतला. रात्री साडेनऊला आल्या. फक्त आठ मिनिटं बोलल्या. दलाई लामा १९५९ मध्ये आले, त्यांच्यामागे आईवडील आले. घर गोंदिया जिल्ह्यात गोठणगावच्या वसाहतीत, माल लुधियानाचा, धंदा तीन-चार महिने. पोलिसांकडे नोंदणीचा दाखला असतो त्याला त्या 'आरसी' म्हणतात. मला आधी गाडीची आरसी वाटली. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळं पुस्तक.

कोणीतरी विचारलं, परत जावंसं वाटतं का? त्या म्हणाल्या, "मी पाहिलंच नाही, परत कशी जाऊ?" स्वेटर अजून आहे. कोपरावर उसवलाय.

जळगाव शहर

आमच्या गल्लीत पाकिस्तानातून आलेली काही सिंधी हिंदू कुटुंबं आहेत, लाँग टर्म व्हिसावर. दर वेळी मुदतवाढ, कागदांची पिशवी, पिशवीवर पिशवी. आपल्या देशानं १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांचा वेगळा कायदाही नाही, त्यामुळे कागदावर ही माणसं परदेशी नागरिक. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ ला आले, त्यात ३१ डिसेंबर २०१४ ची रेघ आहे, तोवर आलेल्यांनाच तो लागू. एका घरात भाऊ रेघेच्या अलीकडे, बहीण पलीकडे.

आम्ही बायकांनी ठरवलं, भाषण नको, जेवण करू. त्यांची कोकी आणि साई भाजी, आमची कळण्याची भाकरी आणि भरीत. तारीख एप्रिल २०२५ च्या शेवटची. २२ तारखेला पहलगाम झालं. पाकिस्तानी व्हिसे रद्द अशा बातम्या. लाँग टर्म व्हिसावरच्या हिंदूंना तो आदेश लागू नाही हे सरकारनं लगेच सांगितलं, पण ऐकायला कोणाचं चित्त ठिकाणावर होतं? कार्यक्रम रद्द. त्या आठवड्यात तिकडची मुलं गल्लीत खेळायलाही आली नाहीत. आमच्यातल्याही एक-दोघी म्हणाल्या, आत्ता नको, लोक काय म्हणतील. ती एक मी होते. लिहून टाकते.

जूनमध्ये केलं जेवण, बॅनरशिवाय, गच्चीवर. भरीत तिखट झालं होतं. त्यांच्यातली एक मुलगी, सतरा-अठराची, २०१६ ला आलेली, डोळ्यांतून पाणी काढत खात होती आणि थांबत नव्हती.

धागाकर्ता

वाचतोय. भुसावळकडच्या ताई, तुम्ही जळगावच्या ताईंच्या गल्लीतल्या या कुटुंबांना कधी भेटला आहात का? तुमची भाषा तीच ना?

भुसावळकडची

भाषा तीच, लिपी नाही. आणि सर, खरं सांगायचं तर आमच्या घरात त्यांना 'पाकिस्तानवाले' म्हणतात. डाडीसकट. पुरुषार्थीवाली तीच डाडी.

पण तुमचा प्रश्न वाचल्यावर एक गोष्ट केली. डाडांच्या ट्रंकेत त्यांचा शाळेचा दाखला आहे, अरबी वळणाच्या सिंधीत. घरात कोणाला वाचता येत नाही. बाबा देवनागरीत शिकले, मी मराठी माध्यमात. जळगावच्या ताईंना निरोप टाकला आणि डाडीला न सांगता तो दाखला प्लास्टिकच्या फोल्डरमधून त्या मुलीकडे घेऊन गेले.

तिनं ओट्यावर बसून बोट ठेवत वाचला. नाव. वडिलांचं नाव. वर्तणूक चांगली. फी बाकी नाही. तारीख डिसेंबर १९४७. खाली एक रकाना होता, शाळा सोडण्याचं कारण. तिथं शाईचा डाग पडलाय, तिनं कागद उजेडाकडे धरला.

"पालकांच्या विनंतीवरून," म्हणाली.