घरची वीज मोजणारे शालेय प्रकल्प: मोजतो कोण?

परळकर:
नववीच्या मुलांनी घरातील विजेचा वापर मोजणारे यंत्र केले की त्यांना ऊर्जाबचतीचे भान येते, असा आनंद येथील एका पालकांनी काल व्यक्त केला. तो वाचून गप्प बसवले नाही. माझ्या भाच्यानेही असाच प्रकल्प केला. क्लॅम्प सेन्सर, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखा बसून तिच्यातील प्रवाह मोजणारा सेन्सर, त्याने इस्त्रीच्या पूर्ण वायरभोवती बसवला आणि इस्त्री तापत असतानाही पडद्यावर शून्यच दिसले. वायरीतल्या फेज आणि न्यूट्रल या दोन तारांमधून समान प्रवाह उलट दिशांनी वाहतो, त्यामुळे दोघांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना निष्प्रभ करतात, एवढे त्या शून्याने त्याला शिकवले असते. परंतु प्रदर्शनाला चारच दिवस उरले होते. त्याचे वडील लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून जोडलेला संच घेऊन आले आणि त्याला दुसरे बक्षीस मिळाले.

भांडुपची शिक्षिका:
आपल्या भावोजींच्या खरेदीचे खापर प्रकल्पावर का फोडता? माझ्या वर्गातही तेच शून्य आले होते. दोन तास वाद झाला, आणि मग मी इलेक्ट्रिशियनकडून फेजची तार वेगळी काढलेला एक्स्टेन्शन बोर्ड करून घेतला. इस्त्रीचा हिशेब मीटरशी जुळला, फ्रिजचा मात्र जुळेना. प्रवाहाला २३० व्होल्टने गुणून येणारा आकडा मीटरपेक्षा जास्तच येत होता. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारापैकी प्रत्यक्ष खर्च होणाऱ्या विजेचा वाटा, हा बारावीचा विषय, पण माझ्या नववीच्या मुलांनी त्याच्याशी स्वतःहून भांडण उकरून काढले.

पार्ल्याची आई:
पॉवर फॅक्टर राहू द्या. मी कचेरीत असताना माझ्या मुलाने ‘फेज वेगळी करायची’ म्हणून स्विचबोर्ड उघडला. झटक्यावर निभावले, हे नशीब. मुळात तारेला हात लावायचाच कशाला? मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो. आमच्या मीटरवर एका युनिटला, म्हणजे एक किलोवॉट तासभर चालल्यावर, ३२०० स्पंद (दिव्याच्या लुकलुकी) असे छापले आहे, म्हणजे दर १.१२५ सेकंदांनी एकदा दिवा लागला, तर घरात एक किलोवॉट वीज चालू आहे. त्या दिव्यावर प्रकाश ओळखणारा सेन्सर चिकटपट्टीने लावावा, की काम झाले.

गिरगावकर:
बाई, मीटर असतो कुठे? तळमजल्यावर, जिन्याखाली, कुलपात! आमच्या मीटर रूममध्ये दोन स्कूटर आणि गेल्या वर्षीचे मखर सुखाने राहते, परंतु माझ्या मुलीला तेथे दहा मिनिटे उभे राहण्यासाठी सेक्रेटरींना अर्ज द्यावा लागला. तो कमिटीपुढे जाईपर्यंत शाळेची मुदत संपली. शिवाय तेथे लावलेल्या सेन्सरचे वायफाय आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत पोहोचत नाही, ते वेगळेच.

दादरचा सेक्रेटरी:
सेक्रेटरी हा शब्द शिवीसारखा वापरणे सोपे आहे. होय, मीही परवानगी नाकारली आहे. त्या खोलीत बत्तीस कुटुंबांचे मीटर आहेत. कोणते घर शुक्रवारपासून बंद आहे, हे आलेख पाहून कोणालाही कळते. आणि आणखी एक गोष्ट ऐका. आमच्या पहारेकऱ्यांच्या मुलीच्या शाळेत असे आलेख नावांसह फळ्यावर लावले गेले. शेजारच्या आलेखात दोन एसी, हिच्या आलेखात एक ट्यूबलाइट आणि एक पंखा. आठवडाभर ती शाळेत जायला तयार नव्हती.

गिरगावकर:
मुलीचे वाईट वाटले. परंतु त्यामुळे मखराला परवानगी आणि मुलांना नकार, हे गणित सुटत नाही. पावसाळ्यात त्याच खोलीत पाणी शिरते, तेव्हा आपली दक्षता कोठे असते?

दादरचा सेक्रेटरी:
आपल्या इमारतीतील पाण्याचा जाब मला विचारू नये.

भांडुपची शिक्षिका:
नावांसह आलेख मीही लावले होते. ती माझी चूक होती, हे मान्य करते. यापुढे आलेख वहीतच राहतील. प्रकल्प मात्र बंद करणार नाही.

परळकर:
म्हणजे लाल दिव्याची पद्धत सर्वांत सुरक्षित, फक्त दिव्यापर्यंत जाता येत नाही! पार्ल्याच्या ताईंचा हिशेब बरोबर आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. रविवारी भाच्याला स्टॉपवॉच देऊन जिन्याखाली बसवणार आहे. भावोजींना मात्र वरच थांबायला सांगितले आहे.