गाडीचे गुंडाळी छत : उजवीकडचे टोपण उघडावे की उघडू नये?

सभासदहो, सप्रेम नमस्कार.

पावसाळाभर झाकून ठेवलेली मंडळाची मुक्कामी गाडी (कॅम्पर) काल बाहेर काढली. तिच्या बाजूच्या भिंतीला रोलरवर गुंडाळलेले, सावलीसाठी ओढून पसरायचे कापडी छत उघडताना काही अडचण आली नाही, परंतु परत गुंडाळताना रोलरचे उजवे टोक वीतभर मागे राहते आणि कापड डाव्या टोपणाशी, म्हणजे रोलरच्या टोकावरच्या झाकणाशी, गोळा होऊन घासते. उजव्या टोपणाच्या बोल्टभोवती पांढरी पूड जमली असून ती नखाने खरवडली असता खाली ॲल्युमिनियमला खड्डे पडलेले दिसतात. कापडाच्या आतल्या अंगाला काळे ठिपके आहेत, म्हणजे ते ओलेच गुंडाळले गेले होते. कोणी गुंडाळले, हे मी येथे विचारत नाही. मंडळाची मुले शनिवारी पोहोचत आहेत. गावातील वेल्डर "टोपण खोलून आतली स्प्रिंग बघतो" म्हणतो. खोलू द्यावे काय?

सचिव, मुक्काम आंजर्ले

---

सचिवमहोदय,

कृपया वेल्डरला टोपणाला हात लावू देऊ नका. आपले छत मी इथून कंटेनरमधून पाठवले होते, त्यामुळे त्याच्या आत काय आहे हे मी सांगू शकतो. रोलरच्या पोकळीत दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या स्प्रिंगा असतात, छत बाहेर ओढताना त्यांचा पीळ वाढतो आणि त्याच जोरावर ते परत गुंडाळले जाते. मात्र छत पूर्ण मिटलेले असतानाही बराच पीळ शिल्लक राहतो, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. बोल्ट काढला की टोपण गरगरा फिरते. माझ्या साडूंनी एकदा ते नुसत्या हाताने धरून ठेवण्याचा प्रयत्न केला, आणि डाव्या हाताची दोन बोटे सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये ठेवून ते घरी बसले.

उघडणे अटळच असेल तर आधी टोपणाच्या भोकात पिन अडकवावी, दुसऱ्या माणसाने पाइपपान्याने धरून ठेवावे, आणि पीळ सोडताना फेरे मोजून कागदावर लिहावेत, कारण परत तितकेच फेरे द्यावे लागतात. डावी आणि उजवी स्प्रिंग उलट दिशांनी पिळलेली असते, एकीच्या जागी दुसरी चालत नाही. २०१९ साली आपण छत बसवले तेव्हा मी हे सर्व लेखी दिले होते.

माजी अध्यक्ष, न्यू जर्सी

---

माजी अध्यक्षांच्या पत्राबद्दल पूर्ण आदर राखून लिहितो की, हा सगळा खटाटोप मुळात त्या प्रकारच्या छताचा आहे. इकडे इंग्लंडात बहुतेक गाड्यांना पेटीत मिटणारे छत असते. ते हँडल फिरवून दातेरी चक्रावर उघडते, स्प्रिंगा छताला धरणाऱ्या घडीच्या दांड्यांत असतात आणि रोलरमध्ये पीळ नसतो. खरेदीच्या वेळी मी हेच सुचवले होते, तेव्हा ते महाग पडेल असे सभेने ठरवले. हिशेबाची वही माझ्याकडे आहे.

कोषाध्यक्ष, सध्या मुलीकडे, लेस्टर

---

कोषाध्यक्षभाऊ, पेटीतले छत असो की उघडे, आमच्या खाऱ्या वाऱ्याला दोन्ही सारखीच. इथे गुहागरात खिडकीची बिजागरी वर्षभर टिकत नाही, तिथे गाडीचे काय घेऊन बसलात! पांढरी पूड म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. वेगळ्या धातूचा स्क्रू ॲल्युमिनियमला चिकटून बसला आणि मध्ये खारट ओल आली की ॲल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून नुसते स्टेनलेसचे स्क्रू आणून भागत नाही. स्क्रूला गंजरोधक पेस्ट लावावी आणि खाली नायलॉनचा वॉशर घालावा. वेल्डर इंजिनचे तेल ओतू पाहील, ते मात्र ओतू देऊ नये, कारण तेलावर वाळू बसते आणि सांध्यात पॉलिशपेपर फिरवल्यासारखे होते. आधी गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, कोरडा सिलिकॉन स्प्रे मारावा.

ठिपक्यांसाठी सौम्य साबणाचे कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. माझे स्वतःचे मत असे, की शाकारणी करतो त्याच वेळी कापड उतरवून माळ्यावर ठेवावे. निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी, म्हणजे मृग लागायच्या आधीच आले, तेव्हापासून मी मे महिन्याचा शेवटचा आठवडा ओलांडू देत नाही.

आणि सचिवभाऊ, स्प्रिंगेचा विचार करण्यापूर्वी गाडीच्या भिंतीवरच्या पन्हळीत कापड अडवून धरणारे, दोन टोकांचे बारके स्क्रू जागेवर आहेत का, तेवढे पाहावे.

वहिनी, गुहागर

---

सर्वांस नमस्कार.

वहिनींनी सांगितल्याप्रमाणे पन्हळ पाहिली. उजवीकडच्या स्क्रूच्या जागी केवळ तांबूस डाग आणि मोठे झालेले भोक उरले आहे, आणि कापड पन्हळीतून डावीकडे चार बोटे सरकले आहे. स्प्रिंग शाबूत असावी असे वाटते. रोलरचा लिव्हर छत उघडण्याच्या स्थितीत ठेवून मी आणि वेल्डरने छताचे दोन्ही आधारदांडे जरा आत ढकलले, त्यामुळे कापड सैल पडले; मग पन्हळीत साबणाचे पाणी सोडून ते उजवीकडे ओढून घेतले. तिसऱ्या खेपेस रोलर सरळ गुंडाळला. जुने भोक निकामी झाल्यामुळे बोटभर अंतरावर नवे पाडून पेस्ट आणि वॉशरसह स्क्रू बसवला आहे.

टोपणाचा बोल्ट मात्र मी तसाच ठेवला आहे. पुढील खेपेस माजी अध्यक्ष येतील तेव्हा त्यांनी २०१९ चा तो कागद सोबत आणावा, कारण मंडळाच्या कपाटात तो सापडत नाही. पेस्ट, वॉशर व स्क्रू यांचे एकूण एकशे ऐंशी रुपये झाले असून पावती कोषाध्यक्षांना पाठवत आहे.

सचिव, आंजर्ले

---

पावतीवर तारीख नाही.

कोषाध्यक्ष