ढगाळ हवा फुलांच्या फोटोंना उत्तमच

साताऱ्याजवळच्या कास पठारावर ऊन मिळालं नाही म्हणून फुलांचे फोटो फसले, अशी तक्रार काही जण करतात. मला उलट वाटतं. ढगाळ उजेड सगळीकडून सारखा पडतो, म्हणून पाकळ्यांवरच्या बारीक रेघाही दिसतात. भर दुपारच्या उन्हात सोनकीच्या फुलांचा पिवळा रंग फटफटीत होऊन जातो.

खरी अडचण उंचीची असते. सीतेची आसवं ही जांभळी फुलं जेमतेम वीतभर देठावर असतात आणि आपण उभ्याने फोटो काढतो. मग जांभळ्या ठिपक्यांची नुसती सतरंजी दिसते. गुडघे टेका, कॅमेरा फुलाच्या पातळीला आणा. मागचं गवत फुलापासून जितकं दूर, तितकं ते धूसर होतं आणि फूल उठून दिसतं. मोबाईल असेल तर फुलावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल. मग पडद्यावरची उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, रंग गडद येतात.

पठारावर वारा थांबत नाही. कॅमेऱ्यात शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवा, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ८०० करावा लागला तरी चालेल. त्यामुळे फोटोत थोडे दाणे दिसलेले परवडतात, हललेलं फूल मात्र नंतर दुरुस्त होत नाही.

धुक्यात दर पाच मिनिटांनी लेन्स सुती कापडाने पुसा. आणि कृपा करून, टेकायचं ते पायवाटेवरच. एका फोटोसाठी शेजारची दहा रोपं चिरडलेली पाहिली की फार वाईट वाटतं.