समुद्रसापांवरून सापांचे मूळ ठरत नाही
रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या, जाळ्यात समुद्रसाप येतात, त्याअर्थी सापांचे मूळ समुद्रातच असले पाहिजे, हे अनुमान मला पटत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर सापडणारे हे साप नाग-मण्यारीच्या कुळातले असून, त्यांचे जमिनीवरचे पूर्वज फार नंतर समुद्रात उतरले. वल्ह्यासारखी चपटी शेपटी ही त्या स्थलांतराचीच खूण आहे.

मूळ वाद निराळा आहे: सापांच्या पूर्वजांचे पाय समुद्रात गेले की जमिनीवर? मोसासॉर या नामशेष सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या खालच्या जबड्याच्या मध्यावर एक जास्तीचा सांधा असतो. सापांशी असलेली अशी साम्ये पाहून अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ एडवर्ड कोप यांनी १८६९ मध्ये दोघांचे जवळचे नाते सुचवले. पॅलेस्टाईनमधल्या रामल्लाजवळच्या सागरी खडकांत जीवाश्मरूपात मिळालेला, मागचे पाय असलेला पॅकिरॅकिस हा सापच आहे, असे काल्डवेल आणि ली या संशोधकांनी १९९७ मध्ये मांडल्यावर त्या मताला पुन्हा जोर आला. मात्र २००६ मध्ये अर्जेंटिनातून वर्णन झालेल्या, जमिनीवर राहणाऱ्या नजाश या जीवाश्म सापाला मागच्या पायांबरोबर त्रिकास्थी, म्हणजे कमरेची हाडे कण्याला जोडणारे हाडही होते, आणि मला हा पुरावा अधिक वजनदार वाटतो. शिवाय मोसासॉर सापांचे जवळचे नातलग ठरले, तरी सापांचे पाय पाण्यातच गेले असे त्यातून आपोआप सिद्ध होत नाही, कारण खुद्द मोसासॉरांचे पूर्वजही जमिनीवरचेच सरडे होते.