‘अंधारी’ आणि ‘चक्कर’ : रक्तदाबाच्या संदर्भात

प्रश्न : ठाण्यात नौपाड्यातील ज्येष्ठ नागरिकांच्या एका गटासाठी मी रक्तदाबाविषयीचे माहितीपत्रक लिहीत आहे. त्यासोबतच्या प्रश्नावलीत ‘उठताना चक्कर येते का?’ असे विचारले होते. एका आजींनी ‘नाही’वर खूण केली आणि वर म्हणाल्या, “चक्कर नाही हो, अंधारी येते.” त्यांचा रक्तदाब बसलेला असताना १३८/८० होता, तो उभे राहिल्यावर दोन मिनिटांनी ११२/७० भरला. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरावेत का?

उत्तर : माझ्या मते निदान या विषयात तरी वापरू नयेत. ‘चक्कर’ आणि ‘भोवळ’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी गरगर फिरणे आहे आणि आतल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा बिघडली की घर फिरल्यासारखे वाटते, त्याला ते शब्द चपखल बसतात. अंधारी मात्र नेहमी ‘डोळ्यांपुढे’ येते आणि या शब्दयोजनेत शरीरशास्त्र दडलेले आहे.

माणूस उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पाय आणि पोटाकडील नीलांमध्ये उतरते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते, प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्तही घटते आणि दाब खाली येऊ लागतो. मानेतील धमनीच्या फुगीर भागात आणि महाधमनीच्या कमानीत भित्तीचा ताण ओळखणारी चेताग्रे (मज्जातंतूंची टोके) असतात; ताण सैलावल्याचे ती मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छाला कळवतात आणि काही सेकंदांतच ठोके वाढतात, बारीक धमन्या आकसतात, दाब सावरतो. उतारवयात किंवा काही औषधांमुळे ही सावरण्याची क्रिया मंदावते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा १० मिमी पाऱ्याने उतरला, तर डॉक्टर त्याची दखल घेतात. आजींचा वरचा दाब २६ ने आणि खालचा १० ने उतरला होता.

डोळ्याच्या आत साधारण १० ते २० मिमी पाऱ्याइतका स्वतःचा दाब असतो आणि त्याला तोंड देऊनच रक्ताला दृष्टिपटलात शिरावे लागते. त्यामुळे दाब घसरला की शुद्ध हरपण्याआधीच नजर काळवंडते. आजींनी लक्षण अचूक सांगितले होते. ‘नाही’ ही खूण प्रश्नाच्या शब्दामुळे पडली, याची मला मनापासून खंत वाटते.

पुरवणी : ‘घेरी’ पत्रकात वापरायची असेल तर जपून. काही जण तिचा अर्थ चक्कर असा घेतात, तर ‘घेरी येऊन पडला’ म्हणताना शुद्ध गेल्याचेही सुचवतात. शिवाय, शरीर आपोआप जे करते त्याला ‘नियमन’ म्हणावे आणि औषधाने आपण करतो त्याला ‘नियंत्रण’. पत्रकात सध्या दोन्हींसाठी ‘नियंत्रण’च आले आहे.

मूळ प्रश्नकर्ता : प्रश्न आता असा केला आहे : ‘झोपून किंवा बसून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का?’ चक्करेचा प्रश्न त्याखाली वेगळा ठेवला आहे. आजींना पुन्हा विचारून खूण दुरुस्त करून घेतली आणि दोन्ही आकडे घेऊन त्यांना डॉक्टरांकडे पाठवले.