मदत हवी आहे : केळं पिकलं की गोड होतं, मग हुरडा पिकला की त्याची गोडी कुठे जाते?

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यातून लिहितोय. घरची केळी आहे, खाण्यापुरती दादर, म्हणजे रब्बीची ज्वारीही पेरतो. पुतणी आठवीत आहे. तिच्या प्रश्नाला घरात कोणालाच उत्तर देता आलं नाही.

कच्चं केळं तुरट, पिठूळ. पिकलं की साखर. दादरचं नेमकं उलट. चीक भरलेलं कणीस आगटीत भाजलं तर दाणा गोड लागतो, पण तोच दाणा वाळून टणक झाला की नुसतं पीठ. ऊन तेच, जमीन तीच, मग असं का?

कच्च्या केळ्याच्या चकतीवर जखमेला लावायचं आयोडीन टाकून पाहिलं, काळंनिळं झालं. पिकलेल्यावर रंग जेमतेम आला. म्हणजे स्टार्च गेला आणि साखर झाली, एवढं समजलं. पण पानात आधी साखरच तयार होते म्हणतात. मग तिचा स्टार्च करायचा आणि पुन्हा साखर करायची, हा उद्योग झाड करतंच कशाला? आणि केळ्याला कळतं कसं, की आता वेळ झाली? मराठीत समजावून सांगा, सूत्रं नकोत.

निवृत्त मास्तर :
भाऊ, पुतणीला शाबासकी द्या. पानात तयार झालेली साखर, उसात असते तीच, रसवाहिन्यांतून घडाकडे आणि कणसाकडे जाते. वाहून न्यायला साखर सोयीची, कारण ती पाण्यात विरघळते. साठवायला मात्र तोच गुण नडतो. पेशीत साखर कोंबली तर ती बाहेरचं पाणी ओढून घेते. म्हणून झाड ग्लुकोजचे रेणू माळेसारखे ओवतं. ही लांबलचक माळ म्हणजे स्टार्च. तो थंड पाण्यात विरघळत नाही, पाणी ओढत नाही, थोड्या जागेत पुष्कळ मावतो.

हुरडा गोड लागतो तो येऊन पडलेल्या, अजून न ओवलेल्या साखरेमुळे. कणीस तोडलं तरी ओवणं लगेच थांबत नाही, म्हणून हुरडा ताजाच खावा. केळंही झाडावर असताना हेच करतं. कच्च्या गरात वजनाच्या साधारण 20 ते 25 टक्के स्टार्च असतो, पूर्ण पिकल्यावर एक-दोन टक्के उरतो.

तेव्हा उलटसुलट काही नाही. साखर, मग स्टार्च, मग पुन्हा साखर, हा क्रम दोघांचा एकच. हुरडा आपण पहिल्या टप्प्यावर खातो आणि केळं तिसऱ्या. दाण्याचा तिसरा टप्पा येतो तो रुजताना, कोंबाला खायला लागतं तेव्हा. तोवर त्याला महिनोन्‌महिने कोरडं टिकायचं असतं. फळाचं काम वेगळं. प्राण्यांनी खावं आणि बी लांब टाकावं म्हणून ते गोड होतं. आपल्या केळ्यात बी उरलं नाही, रानकेळ्यात कडक बिया भरलेल्या असतात.

धागाकर्ता :
धन्यवाद मास्तर! मग दादरलाच मोड आणून पोरीला चाखायला देतो.

निवृत्त मास्तर :
अजिबात नको! ज्वारीच्या कोंबात धुरिन असतं, त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी चरून गुरं दगावतात ती त्यामुळेच. नागलीला, म्हणजे नाचणीला मोड आणा, वाळवून भाजा, दळा. साध्या नागलीच्या पिठाशेजारी ठेवून चाखा, गोडी कळेल.

वेफर्सवाली ताई :
आमचा केळी वेफर्सचा घरगुती धंदा आहे. घड जरासा जरी पिकायला लागला असेल तर घेत नाही, कारण साखर झालेली चकती तेलात पडली की काळपट तांबूस होते. गिऱ्हाईक जळकं म्हणून परत करतं.

दादा, वेळ कशी कळते ते सांगते. केळं स्वतःच इथिलीन वायू सोडतं. थोडा सुटला की त्याच्या नादाने आणखी सुटतो, आणि मग गरातली एन्झाइमं स्टार्चची माळ तोडायला लागतात. एक पिकलेलं केळं फणीत ठेवलं की बाकीची भराभर पिकतात ती यामुळे. रायपनिंग चेंबरमध्ये बाहेरून सोडतात तो हाच वायू. कार्बाइडवर मात्र बंदी आहे, त्या वाटेला कोणी जाऊ नये.

धागाकर्ता :
ताई, मास्तर, पोरगी खूश. आता तिने घरातल्या सगळ्यावर आयोडीन टाकायचा सपाटा लावलाय. बटाटा काळा झाला, भाकरीचं पीठ काळं झालं, कांद्याला मात्र काहीच रंग नाही. कांदाही साठाच करतो ना?

निवृत्त मास्तर :
करतो, पण स्टार्चचा नाही. कांदा साध्या साखरा आणि फ्रुक्टन साठवतो. फ्रुक्टनची माळ मुख्यतः फ्रुक्टोजची, आयोडीनने ती निळी होत नाही. लसणावरही टाकून बघा म्हणावं.